आधी पत्र, मग पावती पुस्तक

परदेशी सेवादौऱ्याची तयारी आपल्याकडे बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी बॅनर छापून येतो, टी-शर्टचा रंग ठरतो, व्हॉट्सॲपवर कुणाच्या तरी बचत खात्याचा क्यूआर कोड फिरायला लागतो. ज्या दवाखान्यात जायचं, त्याला नेमकं काय हवंय हे विचारायचं मात्र राहून जातं. मग नेलेल्या औषधांची खोकी तिकडच्या कस्टम्समध्ये अडकतात, डॉक्टरला रुग्ण तपासायची परवानगी नसते, आणि इथे वर्गणी दिलेल्या माणसाला काय सांगावं ते कळत नाही.

सांगली-मिरजेच्या माणसाला हे खरं तर चटकन पटायला हवं, कारण आपण घेणाऱ्याच्या जागी उभे राहिलेले लोक आहोत. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. त्यामागे समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, जमवलेला पैसा होता. वानलेस मात्र इथे चाळीसेक वर्षं राहिले. दोन आठवड्यांच्या दौऱ्याने ती बरोबरी होत नाही, आणि करूही नये. दोन आठवडे जाणाऱ्याने तिथे वर्षानुवर्षं चाललेल्या कुणाच्या तरी कामाला हात लावायचा असतो. दुसरी आठवण २०१९ च्या महापुराची. मदत भरभरून आली, तिने माणसं तगली, पण न मागता आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीगही पडून राहिले. न विचारता दिलेली वस्तू घेणाऱ्याला उचलून ठेवावी लागते, हे कृष्णाकाठच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून पहिली गोष्ट यजमानांचं पत्र. उदाहरणासाठी पश्चिम केनिया धरू : व्हिक्टोरिया सरोवराजवळचा मिशनचा छोटा दवाखाना, आणि इकडून डोळ्यांचे डॉक्टर, परिचारिका, चष्म्याचं काम येणारा एक जण आणि मंडळीतले काही स्वयंसेवक असा बारा जणांचा गट. ‘तुमचं स्वागत आहे’ एवढंच पत्रात असेल तर ते पत्र नव्हे. कोणतं काम, कोणत्या तारखा, किती माणसं, राहण्या-जेवणाचा खर्च कुणाचा, लुओ आणि स्वाहिली या भाषांसाठी दुभाष्ये किती, कोणती साधनं तिथे आहेत आणि कोणत्या वस्तू आणू नयेत, हे सगळं त्यात लिहून आलं पाहिजे. ‘आणू नये’ची यादी आली की समजावं, तिकडचा माणूस कामाचा आहे. आणखी एक विचारावं : बारा जण येण्याऐवजी पाच जण आले तर चालेल का? पुष्कळदा पाचच जण पुरे असतात. उरलेल्या सात तिकिटांच्या पैशात तिथल्या एखाद्या परिचारिकेचं प्रशिक्षण होऊ शकतं. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण पैसे मागायच्या आधीच ऐकावं.

डोळ्यांच्या कामात तारखांचा हिशेब फार काटेकोर लागतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी डोळा बघावा लागतो, आठवड्याने पुन्हा, आणि महिना-दीड महिन्याने परत. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच कळतो, आणि तेव्हा तासातासाला महत्त्व असतं. म्हणजे दोन आठवड्यांच्या दौऱ्यात शस्त्रक्रिया पहिल्या आठवड्यातच संपल्या पाहिजेत. नंतरच्या तपासण्या कोण करणार त्याचं नाव पत्रात हवं. ते नाव मिळत नसेल तर शस्त्रक्रियेचा बेत सोडून द्यावा, जवळच्या नजरेचे चष्मे द्यावेत आणि तिथल्या परिचारिकांना तपासणी शिकवावी. हे काम छोटं नाही. चाळिशी उलटलेल्या शिंप्याला +१.५० चा चष्मा मिळाला की सुईत दोरा पुन्हा जातो.

पत्र आलं की परवानग्या. पर्यटक म्हणून केनियात जायला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ई-टीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, लागते. पण पर्यटकाच्या परवान्यावर काम करता येत नाही, आणि फुकट केलेलं कामही कामच धरलं जातं. डॉक्टरला तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. ती यजमान दवाखान्यामार्फत होते आणि त्यासाठी पदवी, इथली नोंदणी आणि परिषदेचं वर्तनाचं प्रमाणपत्र मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम तिकिटाच्या आधी. ज्यांना नेपाळमध्ये जायचंय त्यांना व्हिसा लागत नाही म्हणून सगळंच मोकळं वाटतं, पण रुग्ण तपासायचे तर नोंदणी तिथेही लागते. डॉक्टरांची इथली व्यावसायिक विमा पॉलिसी बहुतेक वेळा भारताच्या हद्दीपुरतीच असते, तेही तेव्हाच विचारून घ्यावं.

पासपोर्टमध्ये आपली गाडी अडते ती नावावर. आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत आहे पण पासपोर्टमध्ये नाही. तिकीट, ई-टीए, विमा आणि लसीचं कार्ड या चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर एकच असावं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळला २,००० जास्त. सव्वा वर्ष आधी कामाला लागलेल्या गटाला तत्काळची गरज पडायला नको.

गटात झेडपीचे शिक्षक किंवा सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका असतील तर त्यांना परदेशी जाण्यासाठी खात्याची परवानगी लागते, नुसती रजा पुरत नाही. तिकडची संस्था सरकारी नोकराच्या राहण्या-जेवणाचा खर्च उचलणार असेल तर तो ‘परदेशी पाहुणचार’ होतो, आणि त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची आगाऊ परवानगी लागते. ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. असा खर्च आपला आपणच केला की प्रश्न मिटतो.

आता पैसा. इथे थांबून बोललं पाहिजे, कारण चांगली माणसं अडचणीत येतात ती इथेच.

सगळ्यात धोक्याची रीत म्हणजे गटप्रमुखाच्या बचत खात्यावर वर्गणी घेणं. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती सगळीच्या सगळी त्या माणसाचं उत्पन्न धरली जाते, वरचीच नव्हे. आयकराच्या लेखी ‘नातेवाईक’ कोण हेही ठरलेलं आहे : मामा, काका, आत्या, मावशी, भाऊ, बहीण चालतात, मामेभाऊ आणि चुलतभाऊ चालत नाहीत. मामाने तिकिटाला पैसे दिले तर कर नाही, मामेभावाने दिले तर ते त्या ५०,००० मध्ये मोजायचे.

मग लोक म्हणतात, ट्रस्टच्या नावावर घेऊ. घ्यावेत, पण ट्रस्टची घटना आधी उघडून बघावी. ‘कार्यक्षेत्र : सांगली जिल्हा’ असं त्यात लिहिलेलं असेल तर केनियातल्या खर्चाचा ठराव करून काही उपयोग नाही. कार्यक्षेत्र मोठं असलं तरी आयकराची सवलत भारतात केलेल्या धर्मादाय खर्चाला असते. भारताबाहेर केलेला खर्च त्यात धरला जायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते, आणि तालुक्याच्या गावातल्या संस्थेकडे ती क्वचितच असते. म्हणून देणगीदाराला ‘८०जी मिळेल’, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल, असं सांगून दौऱ्यासाठी पैसे घेऊ नयेत. नवी करप्रणाली घेतलेल्याला ८०जी चा फायदा तसाही नाही, आणि जुनी घेतलेल्याला २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ज्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते ती व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही.

तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या भाच्याची. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही तो परदेशी स्रोत ठरतो, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेने त्याच्याकडून एक रुपयाही घेता कामा नये. पासपोर्ट कोणता, हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो. तो पावती फाडण्याआधीच विचारावा.

या सगळ्यातून निघणारी सरळ वाट माझ्या मते एकच. जाणाऱ्याने आपलं तिकीट, विमा, लस आणि जेवणखाण स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पैशातून करावं. मुंबईहून नैरोबीला जाऊन येण्याचं तिकीट चाळीस-पन्नास हजारांच्या घरात धरलं आणि सव्वा वर्षात महिन्याला साडेतीन हजार बाजूला टाकले, तर ते जमतं. भिशीची सवय असलेल्या गावात हे कठीण नाही. ज्या परिचारिकेला किंवा विद्यार्थ्याला ते झेपत नाही, त्याचा वाटा गटातल्या चार जणांनी आपापसात उचलावा. लोकांकडून मागायचं ते फक्त कामासाठी : इथे विकत घेतलेले चष्मे, तपासणीची साधनं, शिकवण्याचं साहित्य. आणि मागताना स्पष्ट सांगायचं की तुमच्या पैशातला एकही रुपया विमानाला जात नाही. लोक मोकळेपणाने देतात, कारण त्यांना नेमकं काय विकत घेतलं ते कळतं. अशी खरेदी ट्रस्टमार्फत होणार असेल तरी माल बाहेर जाणार आहे, हे सीएला आधी दाखवून त्याचं मत लेखी घ्यावं.

नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच. परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. परवानगीचा क्रमांक पावतीवर छापावा.

पावती पुस्तकाविषयी बारकाईने सांगतो, कारण गटाची अब्रू त्यावर असते. छापखान्यातून दोन प्रतींचं, आधीच क्रमांक छापलेलं पुस्तक घ्यावं : वरची देणाऱ्याला, खालची स्थळप्रत. किती पुस्तकं छापली, कोणतं कुणाकडे दिलं, कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत, हे खजिनदाराने वहीत लिहून सही घ्यावी. कार्बन उलटा लागला की स्थळप्रत कोरी राहते आणि देणाऱ्याच्या पावतीच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटतात. पहिली पावती लिहिली की पान उचलून बघावं. रक्कम अक्षरी आणि अंकी दोन्ही. रोख की यूपीआय, आणि यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे आकडे. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रती एकत्र स्टेपल करून आडवं ‘रद्द’ लिहायचं. रोख दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची, त्यातून रिक्षाचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत. खात्यावर दोघांच्या सह्या, आणि ते दोघे एका घरातले नसावेत.

मागायचं कधी, हेही आपल्या भागात पिकावर ठरतं. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि ऊसबिलं हातात पडायला लागतात ती त्यानंतर. हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीपासून, बेदाणा त्याच्या मागोमाग. म्हणून वर्गणीसाठी जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊ नये : एक तर गणपतीची वर्गणी चालू असते, आणि कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाकडे चढायला लागलं की कुणाचं लक्ष दुसरीकडे नसतं, नसावंही. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, म्हणजे जायला जानेवारी-फेब्रुवारी बरे. हे जुळवलं तर पत्रव्यवहार एका दिवाळीला, वर्गणी त्यानंतरच्या हंगामात आणि प्रवास पुढच्या जानेवारीत, असा सव्वा वर्षाचा घाट बसतो.

भडंग विकून पैसे उभे करायची कल्पना प्रत्येक गटात निघते. हिशेब करून बघावा. २०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना विकलं, आणि चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तेल, तिखट, पाकीट, गॅस धरून ३८ रुपये पडले, तर ५०० पाकिटांमागे ११,००० सुटतात. त्यासाठी दहा-बारा बायकांचे दोन दिवस जातात. पैसा म्हणून हे फारसं नाही, पण पाकिटामागच्या चिठ्ठीतून पाचशे घरांत दौऱ्याची माहिती पोचते, तिची किंमत आहे. करायचंच तर हिवाळ्यात करावं. भडंग पूर्ण गार व्हायच्या आत पाकीट बंद केलं की आतल्या वाफेने ते सादळतं, आणि सादळलेलं पाकीट घेणारा पुढच्या वर्षी दार उघडत नाही. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते, म्हणून नोंदणी असलेल्या बचत गटाकडूनच करून घ्यावं, त्यांनाही काम मिळतं. यापेक्षा जास्त रक्कम एका दिवसात जमते ती चर्चमधल्या उपकारस्तुतीच्या सणाच्या लिलावात, जिथे एक भोपळा पाच वेळा विकला जातो आणि पाचही वेळा परत वेदीपाशी येतो.

लसींपैकी पीतज्वराची लस चुकवता येत नाही. केनियातून परतणाऱ्याकडे तिचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आपल्याला पुणे जवळचं. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि वेळ आधी घ्यावी लागते. बारा जणांनी एकाच दिवशी जावं. कार्ड लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि पुढे जन्मभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर आधी डॉक्टरशी बोलावं; साठीच्या पुढच्या माणसाने पहिला डोस घेण्याआधी तर नक्कीच. हिपॅटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून ते सगळ्यात आधी सुरू करावेत.

सरोवराकाठी मलेरिया खूप आहे, आणि तिथला फाल्सिपॅरम प्रकारचा मलेरिया जीवघेणा असतो. प्रतिबंधक गोळी डॉक्टरच ठरवतील, पण डॉक्सिसायक्लिन दिली तर ती जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे रोज घ्यायची असते. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी. गोळी गिळून लगेच आडवं झाल्यास अन्ननलिकेत जखम होते. ऊन बाधतं, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. घरी आल्यावर ‘आता कशाला’ म्हणून गोळ्या सोडणारेच जास्त.

औषधांची खोकी भरताना आपल्या डॉक्टरांच्या टेबलावरचे सॅम्पल गोळा करायचा मोह होतो. तो टाळावा. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्वच्छ आहेत : मोफत सॅम्पल किंवा रुग्णांनी परत केलेली औषधं देऊ नयेत, आणि पोचताना मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी. प्रत्येक औषधाचं मूळ नाव, मात्रा, बॅच, मुदत आणि संख्या अशी यादी यजमानांना आधी पाठवून तिथल्या औषध नियंत्रकाची मंजुरी हाती आल्यावरच खरेदी करावी. ट्रामाडॉल, डायझेपाम, कोडिन अशा नियंत्रित औषधांच्या वाटेलाच जाऊ नये. ज्या गोळ्या नैरोबीतच मिळतात त्या तिथे घेतलेल्या बऱ्या. पैसा तिथल्या दुकानात जातो आणि कस्टम्सचं काम उरत नाही.

एका नगाला बहुतेक विमानांत २३ किलोची मर्यादा असते आणि रिकामी बॅगच तीन-चार किलोची असते. वाण्याच्या काट्यावर भरून वजन बघावं, ते २२ वर थांबवावं. चष्म्याचे सगळे +२.०० नंबर एकाच बॅगेत भरू नयेत. एक बॅग हरवली तरी काम चालावं म्हणून प्रत्येक बॅगेत प्रत्येक नंबर थोडा थोडा. यादीची एक प्रत झाकणाच्या आतून चिकटवावी, दुसरी गटप्रमुखाकडे. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी थैल्या शिवून घ्याव्यात. चष्म्याचा नंबर तपासायच्या रेटिनोस्कोपसारखी साधनं परत आणायची असतील तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून सीरियल नंबरसह निर्यातीचा दाखला घ्यावा, नाहीतर येताना नवीन वस्तू म्हणून कर मागतात. प्लग तिकडे ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पायांचे. दाब २४० व्होल्ट, जवळजवळ आपल्याइतकाच. परकीय चलन रोख ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं, बाकी कार्डावर.

फोटोंबद्दल गटाने निघण्याआधीच ठरवावं. तपासणीच्या रांगेतल्या मुलांचे चेहरे इकडच्या देणगीदारांना दाखवायला वापरायचे नाहीत. आपल्या सिव्हिलच्या बाकावर बसलेल्या नातवाचा फोटो कुणी परदेशात लावला असता तर आपल्याला चाललं असतं का? देणगीदाराला चष्म्यांच्या यादीवर यजमानांची सही आणि शिक्का दाखवावा.

परतल्यावर पंधरा दिवसांत हिशेब : जमा किती, रद्द पावत्या कोणत्या, खरेदीची बिलं, यजमानांची पोच. उरलेले डॉलर २,००० पर्यंत स्वतःकडे ठेवता येतात. त्यावरचे १८० दिवसांच्या आत बँकेत परत द्यायचे. ज्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांची यादी दवाखान्यात ठेवून आलेलो असलो तरी महिना-दीड महिन्याने फोन करून प्रत्येक डोळ्याची नोंद मागावी, आणि ती वर्गणीच्या हिशेबाला जोडावी. गटातल्या कुणाला परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर तो साधा व्हायरल किंवा डेंग्यू समजून घरी काढू नये. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी नाही. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं की आफ्रिकेतून आलोय, आणि मलेरियासाठी रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यायची. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.